मेणवलीच्या घाटावर गाणं भरधाव का वाजतं?

वाईजवळच्या मेणवली घाटावर शूटिंग पाहिलेले हमखास सांगतात, ‘गाणं भरधाव लावून नाच उरकतात, मग कॉम्प्युटरवर संथ करतात.’ तसं नाही. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, दिसतात. संथ नाचासाठी कॅमेरा सेकंदाला ४८ टिपतो; त्या २४ च्या गतीनं दाखवल्या की सगळं निम्म्या वेगानं दिसतं. म्हणून गाणंही दुप्पट वेगानं लावतात, तरच पडद्यावर ओठ शब्दांशी जुळतात. उरकणं कसलं, त्या वेगात ताल सांभाळणं जास्त अवघड! २४ वरच टिपून नंतर संथ केलं, तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, नाहीतर मधली बनावट घालावी लागते. गिरकीतली ओढणी नेमकी तिथंच झटके खाते किंवा फाटल्यासारखी दिसते. शिवाय ४८ ला प्रकाश दुप्पट लागतो, कारण प्रत्येक फ्रेमला निम्माच वेळ मिळतो. मारामारीत उलटं: २२ वर टिपलेला ठोसा पडद्यावर जरा चपळ दिसतो.