फ्लेक्सिबल पाइपमध्ये पाणी शिरतं कुठून?

जुलैत विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी उघडली, तर झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते. मोटारीकडे वायरी नेणारा काळा फ्लेक्सिबल पाइप ग्लँडमधून, म्हणजे पाइप पेटीला घट्ट बसवणाऱ्या जोडातून, सोडवून उलटा केला, तेव्हा अर्धा कप पाणी पडलं. पाइपला कुठे चीर नव्हती. वायरमन म्हणाला, "वॉटरप्रूफ आहे हो, पाणी जाणार कुठून?"

प्रश्न अगदी रास्त आहे. या पाइपच्या आत मळसूत्रासारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी असते, म्हणून तो वाकतो पण चेपत नाही. वर पीव्हीसीचं अखंड आवरण असतं. त्यातून पाऊस आत जात नाही.

पण आत हवा आहे, आणि गंमत तिथेच आहे. उन्हात पेटी तापते, हवा फुगते, ग्लँडच्या बारीक फटींतून थोडी बाहेर जाते. मग सर कोसळते आणि पेटी झटकन गार होते. समजा, ५० अंश सेल्सिअसवरून २५ वर. गणित केल्व्हिनमध्ये करायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून: ३२३ वरून २९८, म्हणजे दाब जवळपास ८ टक्क्यांनी उतरतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एवढा फरक पाण्याचा सुमारे ८० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ उचलून धरू शकतो! ग्लँडवर साचलेलं पाणी त्या दाबाने आत ओढलं जातं. पाणी मिळालं नाही तर दमट हवा ओढली जाते. ३० अंशांची संपृक्त (आणखी बाष्प मावणार नाही अशी) हवा घनमीटरमागे ३० ग्रॅम बाष्प बाळगते, २० अंशांची फक्त १७. उरलेलं बाष्प थेंब होऊन पाइपच्या सर्वांत खालच्या वळणात साचतं. रोज थोडं थोडं.

पेटीवरचा 'आयपी ६७' हा धूळ-पाणी रोखण्याचा शिक्का खोटा नसतो. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ती चाचणी होते. मात्र त्या वेळी पाणी आणि पेटी यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक ठेवत नाहीत. तापलेल्या पेटीवर कोसळणारी सर त्या चाचणीत नाहीच. म्हणून 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' या जाहिरातीवर विसंबू नये. मोटार पुन्हा पुन्हा जळते म्हणून स्टार्टरला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. त्या पेटीचा ग्लँड हाताने फिरत होता.

पाइप पेटीत वरून कधीच घालू नये, तळातून घालावा. पेटीत शिरण्याआधी त्याला खाली झोल द्यावा, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी तिथूनच टपकतं. आत पोलाद असलं तरी पाइपला अर्थिंग समजू नये, अर्थिंगची वायर वेगळी ओढावी. आणि पेटीला ब्रीदर बसवावा: त्यातला सच्छिद्र पडदा हवेला ये-जा करू देतो, पाण्याचा थेंब अडवतो. आत-बाहेरचा दाब सारखा राहिला की ग्लँडमधून पाणी ओढलं जात नाही. बाष्प मात्र त्यातून येतंच, म्हणून झोलाच्या तळाशी निचऱ्याचा जोड ठेवावा. आमच्या पाइपला तो आता आहे, आणि पावसाळ्यात दर रविवारी मी तो उघडून पाहतो.