वादळाची अंतर्गत लाट आणि भरतीची अंतर्गत लाट

समुद्राच्या वरच्या उबदार, हलक्या पाण्याखाली थंड आणि जड पाणी असते, आणि या थरांमधून ज्या लाटा चालतात त्यांना अंतर्गत लाटा म्हणतात. त्या उठवणारी मुख्य कारणे दोन आहेत : वारा आणि भरती-ओहोटी. खोल पाण्यात टांगलेल्या प्रवाहमापकाच्या नोंदीत दोन्ही लाटा ठरावीक काळाने फिरणाऱ्या प्रवाहाच्या रूपानेच दिसतात, त्यामुळे वादळानंतरचा प्रत्येक हेलकावा वादळाच्या खात्यावर मांडण्याचा मोह होतो.

भरतीची लाट समजायला सोपी आहे. भरतीचे पाणी समुद्रबूड जमिनीच्या कडेवरून किंवा पाण्याखालच्या डोंगररांगेवरून पुढेमागे सरकते, तेव्हा तेथील थर वर-खाली ढकलले जातात. हवाई बेटांची रांग, तैवान आणि फिलिपिन्समधली लुझॉनची सामुद्रधुनी आणि अंदमान समुद्र ही तिची प्रसिद्ध उगमस्थाने आहेत. तिच्या मुख्य चांद्र घटकाचा, म्हणजे चंद्राच्या ओढीने येणाऱ्या मुख्य भागाचा, आवर्तनकाळ सर्वत्र १२ तास २५ मिनिटे असतो आणि तिचा जोर उधाण-भांगाप्रमाणे पंधरवड्याने कमीजास्त होतो.

वादळाच्या लाटेचा आवर्तनकाळ मात्र अक्षांशावर ठरतो. वारा वरच्या थराला ढकलतो आणि मग पडतो किंवा दिशा बदलतो. पाणी चालतच राहते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे, उत्तर गोलार्धात उजवीकडे, वळत वळत वर्तुळात फिरू लागते. १२ तासांना अक्षांशाच्या साइनने भागले की एका फेरीचा काळ जवळपास मिळतो : मुंबईच्या १९ अंशांवर सुमारे ३७ तास, तर ४७.५ अंशांवर सव्वासोळा तास. या अक्षांशावर प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर वर्तुळाचा व्यास सुमारे ९ किलोमीटर भरतो. त्यात संथ वाहणे मिसळले की तरंगत्या उपकरणाचा मार्ग नकाशावर जिलेबीसारखा उमटतो. उत्तर गोलार्धात सरकत्या वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूला वाऱ्याची दिशाही पाण्याच्याच दिशेने फिरत जाते, म्हणून तेथे हे फिरणे सर्वांत जोरदार असते.

पण हे फिरणे म्हणजे अजून लाट नव्हे, आणि माझ्या मते खरा गोंधळ येथेच होतो. शेकडो किलोमीटरचा थर एकाच तालात फिरत असेल, तर पाणी कोठे गोळा होत नाही, कोठे पांगत नाही आणि खालच्या थरावर दाबही पडत नाही. तो ताल मोडावा लागतो. ईशान्य पॅसिफिकमध्ये ४७.५ उत्तर अक्षांशाच्या परिसरात १९८७ साली झालेल्या ‘ओशन स्टॉर्म्स’ प्रयोगात ४ ऑक्टोबरच्या वादळानंतर हे घडताना मोजता आले. एक अंश उत्तरेला फेरीचा काळ सुमारे १५ मिनिटांनी कमी असतो. दहा दिवसांत साधारण पंधरा फेऱ्या होतात, म्हणजे १११ किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणांत पावणेचार तासांचा, जवळपास पाव फेरीचा, फरक पडतो. आता शेजारचे पाणी एकमेकांशी जुळत नाही. कोठे ते एकत्र येऊन थराचा तळ खाली दाबते, तर कोठे पांगून तो वर उचलते. या दाबण्या-उचलण्यातून अंतर्गत लाट सुटते आणि ऊर्जा खाली व विषुववृत्ताकडे नेते. त्या वादळाने वरच्या थरात दिलेली फिरण्याची ऊर्जा सुमारे तीन आठवड्यांत नेहमीच्या पातळीवर उतरली होती.

नोंदीत फरक ओळखण्याचा एक चांगला मार्ग तापमानाचा आहे. भरतीच्या लाटेत समतापरेषा, म्हणजे सारख्या तापमानाच्या पाण्याची खोली दाखवणाऱ्या रेषा, स्पष्टपणे, अनेकदा दहा-दहा मीटर, वर-खाली होतात. वादळाच्या लाटेत बहुतेक ऊर्जा आडव्या प्रवाहात असते आणि समतापरेषा त्या मानाने फारशा हलत नाहीत. दुसरी खूण प्रवाहाची दिशा दाखवणाऱ्या बाणाची : उत्तर गोलार्धात ऊर्जा खाली जात असताना तो खोलीबरोबर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत जातो.

३० अंशांवर मात्र केवळ घड्याळ पाहून चालत नाही. तेथे फिरण्याचा काळ २३.९ तास आहे आणि दैनिक भरतीच्या एका प्रमुख घटकाचा काळही तेवढाच. अमेरिकेच्या टेक्सास-लुईझियाना किनाऱ्यापाशी तर दररोजचे खारे-मतलई वारेही त्याच तालात वाहतात, म्हणजे वादळ नसतानाही पाणी फिरत राहते. अशा ठिकाणी वाऱ्याची नोंद प्रवाहाच्या नोंदीशेजारी ठेवून फिरणे नेमके कधी वाढले आणि किती दिवसांत विरले, हे तपासावे लागते.