दुब्रोव्हनिक: वेशीवरचा जुना हिशेब

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या दुब्रोव्हनिकच्या बंदरात २०१९ पासून एका वेळी दोनच क्रूझ जहाजं येऊ द्यायचा नियम आहे, आणि दोन्हींचे मिळून प्रवासी चार हजारांच्या आसपासच असावेत, अशी अट आहे. जुन्या शहराच्या वेशींवर कॅमेरे आहेत. आत या क्षणी किती माणसं आहेत, हे नगरपालिकेला त्यावरून कळतं. एवढा खर्च करून, वर्षभर आधी ठरवून तिथे पोचलेल्या माणसाला या मोजणीचा राग येऊ शकतो. पण पाहुणा आत कधी, कुठून आणि कोणत्या अटीवर येईल हे ठरवणं, हेच या गावाचं सगळ्यात जुनं काम आहे. तिथल्या ज्या वास्तूंपुढे आज पर्यटक फोटो काढतात, त्यातल्या बऱ्याचशा याच कामासाठी उभ्या राहिल्या.

भूमध्य समुद्राचा एड्रिअ‍ॅटिक नावाचा फाटा इटली आणि बाल्कनच्या मधून वर जातो. त्याच्या पूर्व काठावरच्या एका खडकावर सातव्या शतकात वस्ती झाली, असं परंपरा सांगते. जवळचं एपिदाउरम हे रोमन नगर उद्ध्वस्त झालं आणि तिथले लोक इकडे आले. एपिदाउरमच्या जागी आज त्सावतात हे गाव आहे. खडकावरची वस्ती आणि समोरच्या डोंगरउतारावरची वस्ती यांच्यामधला दलदलीचा पट्टा पुढे बुजवला गेला आणि त्यावर आजचा मुख्य रस्ता तयार झाला, स्ट्रादुन. या नगराला शतकानुशतकं रागुसा म्हणत. दुब्रोव्हनिक हे स्लाव्ह नावही सोबत चालत होतं, ते अधिकृत झालं पहिल्या महायुद्धानंतर.

१२०५ ते १३५८ पर्यंत गावावर व्हेनिसचा वरचष्मा होता. १३५८च्या झादर तहानंतर व्हेनिस मागे हटलं. रागुसाने हंगेरीच्या राजाचं नावापुरतं छत्र स्वीकारलं आणि प्रत्यक्षात स्वतःचं प्रजासत्ताक चालवलं. ते साडेचारशे वर्षं टिकलं. सैन्य नगण्य, शेतजमीन जेमतेम. होतं काय, तर स्तोनच्या मिठागरांचं मीठ, बोस्निया-सर्बियाच्या खाणींतून येणारी चांदी, आणि सोळाव्या शतकात दीडशेहून जास्त जहाजांचा ताफा. म्हणजे पोट सगळं परक्यांशी होणाऱ्या व्यवहारावर. दार बंद केलं तर उपासमार, आणि दार सताड उघडं टाकलं तर रोगराई किंवा गुलामी. रागुसाचा पुढचा सगळा इतिहास मला या दोन भीतींमधून काढलेली वाट वाटतो.

त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे २७ जुलै १३७७ चा ठराव. युरोपात प्लेग पुन्हा पुन्हा येत होता. इतर गावं अशा वेळी दरवाजे लावून बसत. रागुसाच्या महासभेने वेगळं ठरवलं: प्लेग असलेल्या भागातून येणाऱ्याने आधी मर्कान या ओसाड बेटावर किंवा त्सावतातमध्ये एक महिना काढावा, मग खुशाल आत यावं. गावातला कुणी परवानगीशिवाय तिथे गेला तर त्यालाही महिनाभर तिथेच राहावं लागे. विलगीकरणाचा हा जगातला सगळ्यात जुना ज्ञात कायदा मानला जातो. ‘क्वारंटाइन’ या शब्दामागची चाळीस दिवसांची मुदत नंतरची. २०२० साली आपण सगळे ज्या नियमाखाली घरात बसलो, त्याचा पाया एका व्यापारी गावाने घातला होता, आणि तोही व्यापार चालू राहावा म्हणून. माझ्या लेखी या गावाची खरी थोरवी इथे आहे. तटबंदी कुणीही बांधतं. आजाराच्या भीतीतही परक्याला हाकलून न देता त्याच्यासाठी एक रीत ठरवणं फार थोड्यांना जमलं.

पुढे हीच रीत दगडात उतरली. पूर्वेकडच्या प्लोचे वेशीबाहेर, समुद्राला लागून, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लाझारेती नावाची इमारतींची ओळ उभी राहिली. दहा लांबट दालनं आणि त्यांच्यामध्ये अंगणं. बाल्कनच्या डोंगरांतून ऑटोमन मुलखातले तांडे लोकर, कातडी, मेण घेऊन येत, ते इथे थांबत. माल उन्हावाऱ्यात पसरला जाई, पत्रांना धुरी दिली जाई, माणसांना मुदत पुरी होईपर्यंत पहाऱ्यात ठेवत. मग वेस उघडे. आज तिथे नाचगाण्याचे कार्यक्रम होतात, हस्तकलेची दुकानं आहेत, आणि बहुसंख्य पर्यटक किनाऱ्याकडे जाताना ती भिंत ओलांडून सरळ पुढे जातात.

आत आलेल्या मालासाठी स्पोंझा ही वास्तू होती, १५१६ च्या सुमारास बांधायला घेतलेली. खाली जकातघर आणि वखार. अंगणातल्या कमानीवर लॅटिन लेख आहे. त्याचा आशय असा, की आमची वजनं फसवूही देत नाहीत आणि फसूही देत नाहीत; मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. बाहेर चौकात १४१८ चा ऑर्लांदो स्तंभ आहे. त्यावरच्या योद्ध्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी, साधारण ५१ सेंटिमीटर, हेच रागुसाचं कापड मोजायचं माप होतं. कुणाला शंका आली तर त्याने भर चौकात येऊन मोजून पाहावं. परक्यावर नियम लादायचे तर आपलं मापही त्याच्यासमोर उघडं ठेवायचं, हा साधा न्याय त्यात आहे.

स्वतःच्या राज्यकर्त्यांवरही याच गावाचा तितकाच कडक पहारा होता. प्रजासत्ताकाचा प्रमुख, रेक्टर, एका महिन्यासाठी निवडला जाई. त्या महिन्यात त्याने कामाशिवाय वाड्याबाहेर पडायचं नाही. महासभेच्या दारावर लिहिलेलं आहे, खाजगी गोष्टी विसरा, सार्वजनिक कामं पाहा. पश्चिमेच्या पिले वेशीवरचा उचलता पूल रोज संध्याकाळी समारंभाने वर ओढत आणि वेशीच्या किल्ल्या रेक्टरच्या हाती देत. आज ज्या पुलावर सकाळी दहा वाजता उभं राहायला जागा मिळत नाही, तो हाच.

बाहेरच्या सत्तांशी वागायची पद्धतही याच धर्तीची. १४८१ पासून रागुसा ऑटोमन सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, खंडणी देत असे. बदल्यात साम्राज्यभर व्यापाराची मुभा. लोव्रियेनात्स किल्ल्याच्या दारावर मात्र कोरलेलं आहे की जगातल्या सगळ्या सोन्यासाठीही स्वातंत्र्य विकू नये. यात विसंगती दाखवणारे पुष्कळ आहेत. मला ती दिसत नाही. सोनं देऊन स्वातंत्र्य राखणं आणि सोनं घेऊन ते विकणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

या मुत्सद्देगिरीचा एक अवशेष पर्यटकाला थेट रस्त्यात भेटतो. १६९९च्या कार्लोवित्झ तहाच्या वेळी व्हेनिस पुन्हा सरहद्दीला भिडेल, या धास्तीने रागुसाने स्वतःच्या दोन्ही बाजूंना ऑटोमनांच्या जमिनीची पट्टी राहील अशी तजवीज केली. त्यातली नेउमची पट्टी पुढे बोस्नियाकडे गेली. म्हणून स्प्लितहून बसने दुब्रोव्हनिकला जाताना मध्येच थोडा बोस्निया लागायचा आणि दोनदा पासपोर्ट तपासला जायचा. २०२२ च्या जुलैमध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाला आणि तो वळसा टळला. पुढच्याच जानेवारीत क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनाही आता शेंगेन व्हिसा चालतो, वेगळा क्रोएशियन व्हिसा लागत नाही.

आपल्याकडचा एक धागा इथे सांगायलाच हवा. दुब्रोव्हनिकचा रक्षक संत म्हणजे सेंट ब्लेझ, तिथल्या भाषेत व्लाहो. वेशींवर, बुरुजांवर त्याच्या मूर्ती आहेत, अनेकींच्या हातात गावाची छोटी प्रतिकृती. ३ फेब्रुवारीला त्याचा उत्सव असतो आणि तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. गोव्यात तिसवाडीतल्या गवंडाळी गावात याच संताचं, साव ब्रासचं, जुनं चर्च आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मसाल्याच्या व्यापारात उतरलेल्या रागुसाच्या लोकांनी ते उभारलं, अशी मांडणी क्रोएशियन अभ्यासकांनी केली आहे आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती आपुलकीने जपली आहे. जुन्या गोव्याची चर्च पाहायला जाणाऱ्याने थोडी वाट वाकडी करावी, इतकं ते जवळ आहे.

६ एप्रिल १६६७ च्या सकाळी भूकंप झाला. हजारो माणसं गेली, खुद्द रेक्टर गेला, नंतर आगी लागल्या. आज स्ट्रादुनवर दोन्ही बाजूंना एकसारख्या उंचीची, एकसारख्या तोंडवळ्याची जी घरं दिसतात, ती या भूकंपानंतरची. खाली दुकान, वर राहणं. दुकानाचं दार आणि विक्रीची खिडकी एकाच कमानीत, म्हणजे गिऱ्हाइकाने बाहेर रस्त्यावर उभं राहावं आणि माल खिडकीच्या कट्ट्यावरून घ्यावा. सौंदर्य म्हणून आपण जे पाहतो, ते मुळात संकटानंतर शिस्तीने केलेलं पुनर्वसन आहे.

प्रजासत्ताक मेलं ते मात्र पाहुण्याच्याच हातून. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्याला आत घेतलं गेलं आणि ३१ जानेवारी १८०८ ला नेपोलियनचा सेनापती मार्मों याने प्रजासत्ताक बरखास्त केलं. १८१५ नंतर ऑस्ट्रियाचं राज्य आलं. व्यापार गेला, जहाजं गेली, गाव एका साम्राज्याच्या कोपऱ्यात पडून राहिलं. कारखाने आले नाहीत म्हणून तटबंदी पाडायची वेळही आली नाही. युरोपातल्या कितीतरी शहरांनी एकोणिसाव्या शतकात आपले तट पाडून रस्ते केले. इथले १,९४० मीटर तट जसेच्या तसे राहिले.

पर्यटन आलं ते ऑस्ट्रियाच्या आगबोटींतून. १८९७ मध्ये पिले वेशीबाहेर हॉटेल इंपीरियल उघडलं, १९०१ मध्ये ग्रुझ बंदरापर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली. युगोस्लाव्हियाच्या काळात १९५० साली उन्हाळी नाट्य-संगीत महोत्सव सुरू झाला, १९६० च्या दशकात विमानतळ झाला, १९७९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. तटबंदी सांभाळणारी नागरिकांची संस्था १९५२ पासून काम करते आणि तटावर चढायच्या तिकिटाच्या पैशातून डागडुजी करते. तिकीट अलीकडे पस्तीस-चाळीस युरोंच्या घरात गेलं आहे. महाग आहे, पण तो पैसा दगडांवर खर्च होतो हे माहीत असलेलं बरं.

मग १९९१. युगोस्लाव्हिया फुटत असताना १ ऑक्टोबरला युगोस्लाव्ह सैन्याने वेढा घातला. पाणी तोडलं, वीज तोडली. लष्करी लक्ष्य ठरू नये म्हणून जुनं शहर १९७० च्या दशकातच लष्करमुक्त केलेलं होतं, तरी ६ डिसेंबरला त्यावर दिवसभर तोफगोळे पडले. वेढ्यात ऐंशीहून अधिक नागरिक मारले गेले. तटांच्या आतल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ ना मार बसला. पुढे माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगमध्ये नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या हल्ल्यासाठी सेनाधिकाऱ्यांना शिक्षा दिल्या, आणि सांस्कृतिक वारशाचा विध्वंस हा युद्धगुन्हा म्हणून सिद्ध झाला. तटावरून पाहिलं तर हा इतिहास छपरांवर वाचता येतो: फिकट, पिवळसर कौलं जुनी आणि ठसठशीत केशरी ती युद्धानंतरची. नव्या कौलांचं प्रमाण पाहून पोटात तुटतं. मार्गदर्शक बऱ्याचदा त्याच जागी एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेचं चित्रीकरण कुठे झालं ते दाखवत असतात. मालिका पाहून आलेल्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण छपरांकडे बोट दाखवायला अर्धा मिनिट पुरतो आणि तो त्यांनी द्यायलाच हवा.

१९९८ मध्ये गाव धोक्यातल्या वारशाच्या यादीतून बाहेर आलं आणि पर्यटक परतले, आधी हळूहळू, नंतर लोंढ्याने. त्या लोंढ्याने जे केलं ते तोफांनाही जमलं नव्हतं. १९९१ मध्ये तटांच्या आत पाच हजारांच्या आसपास माणसं राहत होती. आता दोन हजारही नाहीत. वाण्याचं दुकान जाऊन आइस्क्रीमचं येतं, घर विकून माणूस ग्रुझकडच्या इमारतीत राहायला जातो, आणि त्या घराच्या दाराला भाड्याने राहायला येणाऱ्या पर्यटकांसाठी किल्लीची डबी लागते. युनेस्कोने एका वेळी आठ हजारांहून जास्त माणसं आत नसावीत असा सल्ला दिला होता. २०१७ मध्ये महापौर झालेल्या मातो फ्रांकोविच यांनी ‘शहराचा मान राखा’ या मोहिमेखाली जहाजांच्या वेळा विभागायला सुरुवात केली, त्यातून २०१९ ची मर्यादा आली. जुन्या शहरात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांना नवे परवाने देणं थांबवण्याचं पाऊलही अलीकडे उचललं गेलं. माझ्या मते हे दुसरं पाऊल जास्त महत्त्वाचं आहे. जहाज संध्याकाळी निघून जातं, घर गेलं की परत येत नाही. १३७७ चा ठराव करणाऱ्यांना आत राहणाऱ्या माणसांना वाचवायचं होतं. तशी माणसंच उरली नाहीत तर वेशीवरच्या मोजणीला अर्थ राहणार नाही.

जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा आणि निदान एक-दोन रात्री मुक्काम करा, शक्यतो हॉटेलात किंवा घरमालक स्वतः राहतो अशा ठिकाणी. जहाजं सहसा सकाळी येऊन संध्याकाळी सुटतात, त्यामुळे तट सकाळी उघडताच चढावे. पहिल्यांदा आत शिरताना पिलेच्या गर्दीऐवजी प्लोचेच्या बाजूने, लाझारेतीच्या भिंतीला धरून चालत या. तांडे त्याच बाजूने येत.