शेवटच्या गाण्यापाशी आखडणारी खाच

रेकॉर्डवरच्या पहिल्या आणि शेवटच्या गाण्याला सारखी वागणूक मिळत नाही. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, सुरुवातीला तेवढेच आणि शेवटीही तेवढेच. फेरा मात्र लहान लहान होत जातो. बारा इंची रेकॉर्डच्या कडेला, केंद्रापासून 146 मिलिमीटरवर, एक फेरा साधारण 92 सेंटिमीटरचा असतो; लेबलाजवळ, 60 मिलिमीटरवर, तोच 38 सेंटिमीटरचा उरतो. म्हणजे कडेला दर सेकंदाला 51 सेंटिमीटर खाच सुईखालून जाते आणि शेवटी जेमतेम 21. तेवढाच एक सेकंद, तेवढंच संगीत, पण ते लिहायला जागा निम्म्याहूनही कमी.

स्टीली डॅन या अमेरिकी बँडचा ‘एजा’ हा अल्बम 2023 मध्ये अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्स या अमेरिकी कंपनीने 150 डॉलरला पुन्हा काढला, तेव्हा एकाच रेकॉर्डवर मावणारं संगीत दोन रेकॉर्डांवर पसरलं आणि वेग 33⅓ वरून 45 केला. इतके पैसे मोजून कानाला नक्की काय मिळतं, याचं उत्तर मला तरी सगळ्यात आधी या आखडत्या खाचेत सापडतं.

अल्बम मूळचा सप्टेंबर 1977 चा. वॉल्टर बेकर आणि डॉनल्ड फेगन हे दोघे म्हणजेच स्टीली डॅन. बाकी वादक ते गाण्यागणिक निवडून बोलवायचे. शीर्षकगीतात स्टीव्ह गॅडचे ड्रम्स आणि वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन आहे. ‘पेग’ या गाण्यातल्या छोट्याशा गिटारच्या तुकड्यासाठी एकामागून एक गिटारवादक आजमावले गेले आणि शेवटी जे ग्रेडन या गिटारवादकाचं वादन ठेवलं. जॅझचे गुंतागुंतीचे स्वरमेळ आणि रॉकचा ठेका यांची इतकी स्वच्छ वीण क्वचितच ऐकायला मिळते. ध्वनिमुद्रणासाठी या अल्बमला ग्रॅमी मिळालं, आणि नवे स्पीकर आणले की आधी ‘एजा’ लावून बघणारे लोक आजही जगभर आहेत.

आता मूळ रेकॉर्डची पहिली बाजू घ्या. तीन गाणी, मिळून 20 मिनिटं 40 सेकंद. त्यात तबकडीचे सुमारे 690 फेरे होतात आणि ती एकच अखंड खाच उलगडून सरळ केली तर साडेचारशे मीटरच्या आसपास भरेल. दोन वळशांमध्ये अंतर सरासरी पाव मिलिमीटरच्याही निम्मं. या हिशेबाने तिसरं गाणं, साडेसात मिनिटांचं ‘डीकन ब्लूज’, केंद्रापासून 91 मिलिमीटरच्या आत सुरू होतं आणि लेबलाजवळ संपतं. सगळं गाणं अडचणीच्या जागेत.

अडचण नेमकी किती? झांजेच्या झणत्कारात 10 किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा हजार कंपनांचा, अंश भरपूर असतो. त्याची एक लाट कडेच्या खाचेत 51 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असते, लेबलाजवळ 21 मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड धरला, तर त्या जाडीत तीन पूर्ण लाटा कोरलेल्या. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या असते 15 ते 18 मायक्रॉन. म्हणजे लाटेच्या खळग्यापेक्षा सुईच मोठी. ती खळग्यात उतरतच नाही, वरच्या वर घासत जाते. मग झांज बोथट वाजते आणि गायकाचा ‘स’ फाटतो. लंबगोल टोकाची सुई कडांना 8 मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणून ती बरीच पुढपर्यंत साथ देते. पण भूमिती तिलाही चुकत नाही.

वेग 45 केला की खाच सव्वापटीहून जास्त, नेमकी 1.35 पट, वेगाने धावते. दुसरा फायदा याहून मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. चाळीस मिनिटांचं संगीत चार बाजूंवर वाटलं की एका बाजूला सरासरी दहाच मिनिटं येतात. वळशांची दाटी पूर्वीइतकीच ठेवली तरी अशा दहा मिनिटांच्या बाजूवर सुईला 90 मिलिमीटरच्या आत जावंच लागत नाही. तिथे 45 च्या वेगाने खाच सेकंदाला 42 सेंटिमीटर धावते, म्हणजे मूळ रेकॉर्डच्या शेवटापेक्षा दुप्पट. किंमत मोजायची ती यासाठी. दर दहा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते, ते मी आनंदाने सोसेन.

या आवृत्तीच्या रेकॉर्डच्या 200 ग्रॅम वजनाबद्दल मात्र मला तितकी खात्री नाही. खाचेची खोली मायक्रॉनमध्ये मोजतात. तिच्याखाली प्लॅस्टिकचा थर जाड आहे की पातळ, हे सुईला कळत नाही. जाड रेकॉर्ड सहज वाकत नाही, इतकाच फायदा. त्यापेक्षा मधलं भोक बरोबर मध्यावर असणं कितीतरी महत्त्वाचं. ते अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तरी लेबलाजवळच्या खाचेत स्वर दर फेऱ्याला 0.8 टक्के वर आणि तेवढाच खाली झुलतो. वरपासून खालपर्यंत 1.6 टक्क्यांहून जास्त. आपल्याकडची प्रमाणश्रुती, 81 ला 80 हे प्रमाण, सव्वा टक्क्याची. म्हणजे पियानोचा लांबवलेला स्वर दर 1.8 सेकंदांनी एका श्रुतीहून जास्त डोलतो! ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे, त्याला हे खुपल्याशिवाय राहणार नाही. आणि हा दोष वजनाने जात नाही, 45 च्या वेगानेही जात नाही. रेकॉर्ड दाबणाऱ्या कारागिराने काळजी घेतली तरच जातो.

एवढं सगळं झालं तरी खाचेत उतरणार तेच, जे टेपवर आहे. इथे ‘एजा’ची गोष्ट दुखरी होते. 1999 च्या सीडीसोबतच्या टिपणात बेकर आणि फेगन यांनी ‘ब्लॅक काऊ’ आणि ‘एजा’ या दोन गाण्यांच्या मल्टिट्रॅक टेप हरवल्याचं सांगून त्या शोधून देणाऱ्याला 600 डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. प्रत्येक वाद्य सुटं असलेली टेपच नाही, म्हणून ही गाणी नव्याने मिसळता येत नाहीत. अंतिम स्टिरिओ मिश्रणाची मूळ टेपही आता अस्तित्वात नसावी असं मानतात. त्यामुळे 2023 ची आवृत्ती एका अ‍ॅनालॉग प्रतीवरून, म्हणजे डिजिटल न केलेल्या टेपवरून, तयार झाली. या प्रतीवर खर्ज-तीव्र स्वरांची डागडुजी झालेली नाही, ही जमेची बाजू. पण टेपवरून टेप उतरवताना दुसऱ्या टेपची सरसर पहिलीच्या सरसरीत मिसळतेच. दोन्ही टेप सारख्या असतील तर ही सरसर 3 डेसिबलने वाढते आणि ती मागे घेता येत नाही. या आवृत्तीचं मास्टरिंग, म्हणजे टेपवरचं संगीत रेकॉर्डसाठी तयार करण्याचं शेवटचं काम, केलं बर्नी ग्रंडमन यांनी. 1977 मध्ये याच अल्बमचं मास्टरिंग त्यांनीच केलं होतं.

त्याच सुमारास ‘एजा’ची एक साधी, 33⅓ ची, 180 ग्रॅमची आवृत्तीही आली. ती ग्रंडमन यांच्या याच नव्या मास्टरच्या उच्च दर्जाच्या डिजिटल फाइलवरून कोरलेली आहे. अनेक शौकीन ‘डिजिटल’ शब्द ऐकताच ती बाजूला ठेवतात. त्यांनी 2022 आठवावं. त्या वर्षी उघड झालं की मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या अनेक महागड्या रेकॉर्डांत वर्षानुवर्षं एक डिजिटल टप्पा होता. तो लपवणं चूकच होतं. पण त्या रेकॉर्डांचं अ‍ॅनालॉग म्हणून भरभरून कौतुक झालं होतं आणि तो टप्पा कानाने कुणी पकडला नव्हता. आतल्या खाचेत फाटलेला ‘स’ मात्र घरातलं कुणीही पकडतं.

जवळ 33⅓ ची ‘एजा’ असेल तर करून बघा. ‘डीकन ब्लूज’चा शेवट ऐकू नका, तिथे पीट क्रिस्टलीबचा सॅक्सोफोन हळूहळू विरतो, लाटा लहान होतात आणि सुईवरचा ताण आपोआप उतरतो. त्याच्या थोडं आधी, फेगन शेवटचं ध्रुवपद गातात तिथे कान लावा. मग सुई उचलून कडेला आणा आणि ‘ब्लॅक काऊ’चं पहिलं कडवं लावा. आवाजाची पातळी तीच ठेवा. दोन्हीकडचे ‘स’ ऐका, मागच्या झांजा ऐका.