माकडांवर प्रयोगाची परवानगी: फॉर्म बी परत का येतो

वर्षानुवर्षं उंदरांवर काम केलेले संशोधकसुद्धा माकडांचा पहिला प्रस्ताव पाठवतात, तेव्हा तो बहुधा क्वेरींची, म्हणजे शंका-प्रश्नांची, यादी घेऊन परत येतो. त्या क्वेरी विज्ञानाबद्दल कमीच असतात. माकड आणणार कुठून, प्रयोगाचा तास-दीड तास सोडला तर उरलेला दिवस ते काय करणार, आणि प्रयोग संपल्यावर त्याचं पुढे काय, इथे घोडं पेंड खातं. म्हणून या तीन गोष्टींवर सविस्तर लिहितो. बाकीचे रकाने तुम्ही भराल.

अर्ज व्यक्तीचा नसतो, नोंदणीकृत संस्थेतूनच जातो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची एक समिती आहे, सीसीएसईए. जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीपीसीएसईए हेच नाव असतं. मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय मंत्रालयाकडे तिचं कामकाज आहे. संस्थेची नोंदणी फॉर्म एवर होते, प्रयोगाची परवानगी फॉर्म बीवर. संस्थेचं नोंदणीपत्र कपाटातून काढून आधी नीट वाचा. ते लहान प्राण्यांपुरतं असेल, तर माकडांचा फॉर्म बी कितीही सुंदर लिहिलात तरी उपयोग नाही.

आता सगळ्यात जास्त जण जिथे फसतात ते. संस्थेची एथिक्स कमिटी, म्हणजे आयएईसी, उंदीर-सशांच्या प्रकल्पाला स्वतः मंजुरी देते. माकड, कुत्रा, गाय-म्हैस अशा मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत ती फक्त शिफारस करते. प्रस्ताव पुढे सीसीएसईएकडे जातो आणि तिथून पत्र येईपर्यंत तुमच्या हातात काहीही नसतं. ‘कमिटीने पास केलं’ म्हणून निधी देणाऱ्या संस्थेला सुरुवातीची तारीख कळवून बसलेले विद्यार्थी पाहिले की वाईट वाटतं, कारण त्यांना हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं. शिवाय आयएईसीच्या बैठकीला सरकारने नेमलेला नॉमिनी, म्हणजे प्रतिनिधी, हजर लागतो. नॉमिनीच्या तारखा जुळेनात म्हणून बैठक पुढे ढकलली जाते आणि त्यावर तुम्ही काही करू शकत नाही. तेव्हा वेळापत्रकात हातचं राखून ठेवा.

त्याच वेळापत्रकातली दुसरी चूक क्वारंटाइनची. सीसीएसईएच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माकडांचं क्वारंटाइन निदान सहा आठवड्यांचं असतं. क्षयाची तपासणी त्याच काळात होते, आणि एखादं माकड पॉझिटिव्ह निघालं तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तरीही प्रस्तावात ‘पहिला महिना: लसीकरण’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं.

‘माकडच का?’ या रकान्यात ‘मानवाशी जनुकीय साधर्म्य’ एवढं लिहून सोडू नका. कायद्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट आहे की गिनी पिग, ससा, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर तेच निष्कर्ष मिळत असतील तर मोठ्या प्राण्यावरचा प्रयोग टाळावा. त्याच कायद्याखालच्या १९९८ च्या नियमांत आणखी आहे: उत्क्रांतीच्या शिडीवर सगळ्यात खालच्या पायरीवरच्या प्राण्याचा विचार आधी, आणि संख्या अशी की ९५ टक्के विश्वासार्हतेने निष्कर्ष निघेल, त्याहून एकही जास्त नाही. कोव्हॅक्सिनच्या माकडांवरच्या अभ्यासात ऱ्हीसस जातीची वीस माकडं होती, पाच-पाचचे चार गट, त्यातला एक प्लासिबोचा, म्हणजे खरी लस न दिलेला. उंदीर, ससे, हॅमस्टर यांच्यावरचंही काम त्या लसीच्या मागे होतं. तुमची संख्या अशी गटवार मांडून दाखवता येत नसेल, तर ती अंदाजाने टाकलेली आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मग स्रोत, म्हणजे माकडं कुठून येणार त्याचा कागद. हाच तो कागद, जो कोणाकडेच नसतो. नियम सांगतो, प्राणी नोंदणीकृत ब्रीडरकडूनच, म्हणजे पैदास करणाऱ्याकडूनच, घ्या. तिथे नसेल तर दुसऱ्या कायदेशीर स्रोताकडून, पण सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने. गावात पकडलेली, देवळापाशी उपद्रव देणारी माकडं ‘नाहीतरी सोडायचीच आहेत’ म्हणून प्रयोगशाळेत आणणं या दोन्हींत बसत नाही. २०२० साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) विनंतीवरून पुण्याच्या एनआयव्हीसाठी, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेसाठी, ३० ऱ्हीसस माकडं पकडायची होती, तेव्हा महामारी ऐन भरात असूनही राज्य सरकारची रीतसर परवानगी घ्यावी लागली होती.

यात अलीकडे एक नवा गोंधळ झाला आहे. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ऱ्हीसस माकड संरक्षित प्राण्यांच्या परिशिष्टांतून बाहेर गेलं. त्यावरून ‘आता परवानगी लागत नाही’ असा अर्थ काढला जातो. तो चूक आहे. स्रोताचा नियम क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचा आहे आणि तो होता तसाच आहे. शिवाय तापीच्या दक्षिणेला, कोकणात आणि सह्याद्रीत जे माकड आपण रोज बघतो ते बहुतेक वेळा ऱ्हीसस नसतंच. ते बॉनेट मकाक, आणि ते पहिल्या परिशिष्टात आहे. फॉर्मवर नुसतं ‘माकड’ लिहू नका. शास्त्रीय नावासकट जात लिहा.

आता पिंजरा. ‘प्राण्यांना योग्य निवारा व पोषक आहार दिला जाईल’ या वाक्यावर माझा राग आहे. प्रत्येक प्रस्तावात ते असतं आणि त्यातून काहीही कळत नाही. कळपात राहणारा प्राणी एकटा कोंडला तर काय होतं ते अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काम केलेल्या कोणालाही विचारा. एकाच रेषेत तासन्‌तास येरझाऱ्या, हातावरचे केस उपटून उघडी पडलेली गुलाबी कातडी, क्वचित स्वतःच्याच दंडाला चावे. अशा जनावराच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजून तुम्ही काय सिद्ध करणार?

आपली मार्गदर्शक तत्त्वं माकडांसाठी कृत्रिम झाडं, दोर, आडवे बार आणि बसायला फळ्या सुचवतात. पण सगळ्यात मोठी सोय म्हणजे सोबत. म्हणून आधी लिहा की माकडं जोडीने ठेवणार की गटाने, आणि जोडी कशी जुळवणार. दोन प्रौढ नर एकदम एका पिंजऱ्यात सोडले तर रक्तपात ठरलेला. मध्ये जाळी ठेवून काही दिवस ओळख, मग नजरेखाली थोडा वेळ एकत्र, असा क्रम लिहिलेला दिसला की वाचणाऱ्याला विश्वास वाटतो. दुसरं, खाणं. जंगलात माकडाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो, पिंजऱ्यात तेच काम वाटीत पाच मिनिटांत संपतं. भाजलेले चणे-शेंगदाणे लाकडाच्या भुशात पसरून देणं, भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात दाणे भरून टांगणं, याला खर्च नगण्य येतो. फक्त हे कोण करणार, आठवड्यातून किती वेळा, नोंद कोणत्या रजिस्टरला, ते लिहा. एक प्लास्टिकचा चेंडू टाकून त्याला एन्रिचमेंट, म्हणजे प्राण्याचं मन रमवायची सोय, म्हणू नका. चार दिवसांनी माकड त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. वस्तू आलटून-पालटून द्याव्या लागतात.

रक्त घेण्यासाठी दर वेळी स्क्वीझ केजमध्ये, म्हणजे सरकत्या भिंतीच्या पिंजऱ्यात, दाबून धरणार का, हाही प्रश्न येतो. खाऊ देऊन हात स्वतःहून पुढे करायला माकडाला शिकवता येतं. त्याला वेळ लागतो. तो वेळही वेळापत्रकात घाला.

प्रयोगासाठी माकड एकटंच ठेवणं भाग असेल तर लपवू नका. अमेरिकेचा नियम इथे नमुना म्हणून घ्यायला हरकत नाही. तिथे १९८५ च्या दुरुस्तीने प्रायमेट, म्हणजे माकडवर्गीय, प्राण्यांच्या मानसिक स्वास्थ्याची जबाबदारी संस्थेवर टाकली. लेखी योजना लागते. एखाद्या माकडाला तब्येतीमुळे तिच्यातून सूट द्यायची तर पशुवैद्यकाने कारण नोंदवायचं आणि त्रास कायमचा नसेल तर निदान दर तीस दिवसांनी ते पुन्हा तपासायचं. वैज्ञानिक कारणाची सूट तिथल्या संस्थेची समिती देते, ती निदान वर्षातून एकदा तपासली जाते. आपल्या प्रस्तावात ‘एकटं ठेवण्याचं कारण, किती दिवस, कोण तपासणार’ अशा तीन ओळी टाकल्या तर पुढची एक क्वेरी वाचते. एकट्या माकडाला निदान दुसरी माकडं दिसतील आणि ऐकू येतील असा पिंजरा लावा.

शेवटचा रकाना पुनर्वसनाचा. इथे ‘लागू नाही’ लिहिणारे बरेच. नियमाप्रमाणे प्रयोगानंतरची देखभाल संशोधकाची जबाबदारी आहे आणि तिचा खर्च संशोधनाच्या खर्चात धरायचा असतो. वेदनारहित मृत्यूचा पर्याय ठरावीक परिस्थितीपुरताच आहे, उदाहरणार्थ न थांबणाऱ्या तीव्र वेदना. निधी संपला, हे त्या यादीत नाही. माकड वीस-पंचवीस वर्षंही जगू शकतं आणि तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा असतो. तेव्हा संस्थेच्या प्रमुखांच्या सहीचं पत्र जोडा: माकडं कुठे राहतील, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, जबाबदार पशुवैद्यक कोण. जंतूंचा संसर्ग केलेली माकडं असतील तर बाहेरचं पुनर्वसन केंद्र त्यांना घेणार नाही हे गृहीत धरूनच ते पत्र लिहा. हे पत्र मिळवायला सर्वात जास्त हेलपाटे पडतात, म्हणून फॉर्म भरायच्या आधी त्याच्या मागे लागा.