स्वरयंत्रदर्शन

स्वरयंत्राचे प्रवेशद्वार आरशाने, पात्याने किंवा कॅमेऱ्याने दृष्टीस आणण्याच्या क्रियेला स्वरयंत्रदर्शन म्हणतात. त्याचे उपकरण लॅरिंगोस्कोप. घशाच्या रोगनिदानासाठीही ते करतात. प्रस्तुत नोंद भूल देताना व तातडीच्या उपचारांत श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी (इंट्यूबेशन) केल्या जाणाऱ्या दर्शनापुरती आहे.

उगम : शोधाचे श्रेय बहुधा मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाला दिले जाते. १८५४ मध्ये त्याने लांब दांड्याचा, दंतवैद्यकात वापरतात तसा आरसा कोमट पाण्यात गरम करून पडजिभेजवळ धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. हे निरीक्षण १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले. मात्र बेंजामिन बॅबिंग्टन या वैद्याने १८२९ मध्येच आरसा आणि जीभ दाबण्याची पट्टी जोडलेले साधन लंडनमध्ये दाखवले होते. साधनाचा अग्रमान म्हणूनच बॅबिंग्टनचा, पण जिवंत माणसाचे स्वरतंतू आवाज काढताना कसे हलतात याचे सुसंगत वर्णन गार्सियाचे, अशी वाटणी अधिक न्याय्य वाटते. १८५७-५८ च्या सुमारास ट्यूर्क आणि चेरमाक या वैद्यांत वैद्यकीय वापराच्या श्रेयावरून कडवा वाद झाला. ट्यूर्क सूर्यप्रकाशावर अवलंबून होता. चेरमाकने कृत्रिम उजेड वापरला आणि तंत्राचा प्रसारही केला.

भूलशास्त्राला या वादाचा उपयोग थोडाच. आरशासाठी रुग्ण जागा आणि सहकार्य करणारा लागतो. विल्यम मॅकइवेनने १८७८ मध्ये ग्लासगो येथे शस्त्रक्रियेसाठी तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घातली, तीही न पाहता, बोटाने चाचपून. १८९५ मध्ये आल्फ्रेट कियरश्टाइनने बर्लिनमध्ये आरशाविना थेट स्वरयंत्र पाहिले. भूलतज्ज्ञाच्या हातातील लॅरिंगोस्कोपची परंपरा तेथून धरावी.

पाती : रॉबर्ट मिलरचे सरळ पाते १९४१ चे, रॉबर्ट मॅकिंटॉशचे वक्र पाते १९४३ चे. फरक टोक कोठे टेकते यात आहे. सरळ पाते एपिग्लॉटिसच्या (स्वरयंत्रावरील पानासारख्या झाकणाच्या) मागच्या बाजूस जाऊन त्याला थेट उचलते. वक्र पात्याचे टोक जिभेचे मूळ व एपिग्लॉटिस यांमधील खोबणीत बसते. तेथील अस्थिबंधावर दाब आला की झाकण आपोआप वर येते. तान्ह्या मुलांत झाकण लांब व लवचिक असल्याने सरळ पाते पुष्कळांना सोयीचे वाटते.

दांडा डाव्या हातात धरतात. पाते तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत घालून जीभ डावीकडे सारतात आणि दांड्याच्या दिशेने, पुढे व वर उचलतात. मनगट मागे वळवले तर पाते वरच्या दातांवर टेकते. दात तुटण्याचे हे नेहमीचे कारण. दर्शनाच्या चार श्रेणी कॉरमॅक व लेहेन यांनी १९८४ मध्ये प्रसूतीच्या भुलेसंदर्भात मांडल्या. चौथीत झाकणही दिसत नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने दृश्य बहुधा सुधारते, परंतु दिसणे आणि नळी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर स्वरतंतू स्वच्छ दिसत असूनही नळीचे टोक वळेनासे होते.

श्वासमार्ग राखणे : नळीपेक्षा ऑक्सिजन महत्त्वाचा. आधी शुद्ध ऑक्सिजन नीट दिलेला असल्यास निरोगी प्रौढाला श्वास थांबल्यावर काही मिनिटांची उसंत मिळते. साध्या हवेवर ती जेमतेम मिनिटभराची असते. गर्भवती, स्थूल व्यक्ती आणि मुले यांना याहून कमी. तातडीच्या प्रसंगी पोट भरलेले गृहीत धरून भुलीचे व स्नायू सैल करणारे औषध लागोपाठ देतात. त्या वेळी पोटातले घशात येऊ नये म्हणून गळ्यावरील मुद्रिकाकूर्चा (स्वरयंत्राच्या तळाचे अंगठीसारखे कडे) दाबण्याची पद्धत ब्रायन सेलिकने १९६१ मध्ये सुचवली. तिच्या उपयुक्ततेबद्दल आज एकमत नाही, आणि दाबामुळे दर्शन बिघडत असेल तर तो सोडावा.

नळी गेली नाही तर तोच प्रयत्न तसाच पुन्हा करू नये; प्रत्येक वेळी सूज व रक्तस्राव वाढतो. डोक्याखालची उशी, पाते बदलावे, बूजी (नळीला वाट दाखवणारी बारीक लवचिक सळई) घ्यावी, नाहीतर तोंडावरचा मास्क किंवा आर्ची ब्रेनच्या लॅरिंजियल मास्कवर (स्वरयंत्राच्या तोंडाशी बसणाऱ्या मास्कवर) यावे. तेही जमले नाही आणि ऑक्सिजन पोहोचेना, तर मानेच्या पुढून मुद्रिका व तिच्या वरच्या अवटू (थायरॉइड) कूर्चांमधील पडदा छेदून नळी घालतात.

नळी जागेवर असल्याची खात्री उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाने करतात. हृदय बंद पडलेल्या रुग्णातही छातीचे दाब नीट चालू असल्यास थोडा आलेख उमटतो. रेघ अगदी सपाट असेल तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत नळी अन्ननलिकेत आहे असे धरावे.