गार्डच्या नजरेची जागा फलाटावर कोणी घेतली?

जालन्याच्या फलाटावर वंदे भारत थांबते, दारं आपोआप मिटतात आणि गाडी हलते. त्यामुळे मागच्या केबिनमध्ये माणूस लागतोच कशाला, असं वाटणं साहजिक आहे. 2022 च्या जानेवारीत गार्डचा ‘ट्रेन मॅनेजर’ झाला, पण माणूस कायम आहे. देवगिरीसारख्या गाड्यांची दारं तर अजून हातानेच लागतात. तिथे गार्डने मागून फलाट पाहून हिरवी झेंडी दाखवायची, हीच सुरक्षा.

लंडनच्या भुयारी रेल्वेची व्हिक्टोरिया लाईन 1968 मध्ये सुरूच झाली ती गार्डशिवाय. बेडफर्ड ते लंडनचं सेंट पँक्रास या मोठ्या रेल्वेच्या मार्गावर कामगार संघटनेशी झालेल्या वादानंतर 1983 मध्ये तेच झालं.

गार्ड नसताना ड्रायव्हरला मागची दारं दिसावीत म्हणून आधीचा उपाय होता फलाटाच्या टोकाला बहिर्गोल आरसा. त्यात दिसतं भरपूर, पण सगळं बारीक. मागच्या डब्याचं दार नखाएवढं. काचेवर पाणी साचलं किंवा फलाट वळणावर असला की तेवढंही हाती लागत नाही. म्हणून फलाटावर कॅमेरे आणि ड्रायव्हर थांबतो त्या खुणेसमोर मॉनिटर आले. गाडी खुणेपुढे गेली की मॉनिटर पाठीमागे राहतात. कलतं ऊन काचेवर पडलं की चित्र पुसट होतं, म्हणून वर आडोसा लावावा लागतो. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे गाडी हलताच चित्र नजरेआड जातं, आणि अडकलेला माणूस ओढला जातो तो नेमका त्याच क्षणी. 1990 च्या दशकात लंडनच्याच सेंट्रल लाईनच्या नव्या गाड्यांत फलाटाचं चित्र थेट केबिनमध्ये आलं, ते यासाठीच.

दारं मिटल्याशिवाय मोटरला वीज न देणारं इंटरलॉक आहेच. पण त्याचा दिवा लागला याचा अर्थ दारं मिटली, एवढाच. पिशवीचा बंद किंवा साडीचा पदर मऊ रबरांच्या फटीत राहिला, तरी दिवा लागू शकतो. म्हणून दिवा पाहिल्यावर पुन्हा एकदा सगळ्या दारांवरून नजर फिरवायची. ही दुसरी नजर घाईत सुटते.

फलाटालाच दारं बसवण्याची वाट वेगळी. लेनिनग्राडमध्ये 1961 ला, सिंगापूरला 1987 मध्ये ती आली. दिल्लीची मॅजेंटा लाईन 2020 च्या डिसेंबरात चालकाविना धावू लागली, तिच्याही फलाटांना दारं आहेत. मेट्रोत हे जमतं, कारण सगळ्या गाड्यांची दारं एकाच अंतरावर असतात. परभणी-नांदेडला एकाच फलाटावर जुने निळे आयसीएफ डबे, नव्या बांधणीचे एलएचबी डबे आणि वंदे भारत येतात. तिन्हींची दारं वेगवेगळ्या जागी, मग फलाटावरची दारं कुठे ठेवणार?

शिवाय गार्डचं एक काम फलाटाबाहेरचं आहे. गाडी अपघाताने मध्येच अडकली तर मागे चालत जाऊन 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन डिटोनेटर, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चाकाखाली फुटून तिला इशारा देणारे फटाके, रुळावर ठेवायचे. त्यासाठी पाय लागतात.